प्लास्टिकचा चुरा आणि आपलं शरीर: सांगली-साताऱ्याच्या घरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शक

गच्चीवर दोन-तीन उन्हाळे काढलेली प्लास्टिकची बादली किंवा खुर्ची घरात असेल, तर तिच्यावरून एकदा कोरडं बोट फिरवून बघा. बोटाला पांढरट पीठ लागतं. ते प्लास्टिकच आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, वरचा थर ठिसूळ होतो आणि त्याचा भुगा सुटायला लागतो. डोळ्यांना दिसतो तो त्यातला जाडसर भाग. न दिसणारा कितीतरी जास्त असतो, आणि आरोग्याचा प्रश्न मुख्यतः त्या न दिसणाऱ्या भागाचा आहे.

५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द रुळला तो २००४ मध्ये, ब्रिटिश सागरी शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधानंतर. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. त्याहूनही बारीक कणांना नॅनोप्लास्टिक म्हणतात. बरीच वर्षं हा विषय समुद्राचा आणि माशांचाच समजला गेला. आता तो आपल्या ताटात आणि कपात आहे, त्यामुळे कृष्णाकाठच्या माणसालाही तो समजून घ्यावा लागेल.

आधी आरोग्याबद्दल नक्की काय कळलं आहे ते सांगतो, मग घरात काय करायचं ते पायऱ्यांनी. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम लावला आहे: सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त फरक जिथे पडेल, ते आधी.

शरीरात काय होतं

हे कण अंगात जातात ते दोन वाटांनी, तोंडावाटे आणि नाकावाटे. तोंडावाटे गेलेले मोठे कण, साधारण १५० मायक्रॉनच्या वरचे, बहुतेक शौचावाटे निघून जातात. त्याहून बारीक कणांपैकी थोडे आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जाऊ शकतात. १० मायक्रॉनच्या आतले असतील तर रक्तातून अवयवांपर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. श्वासातून आलेले मोठे तंतू नाकात-घशात अडकतात आणि कफाबरोबर गिळले जातात. बारीक तंतू फुप्फुसात खोल उतरतात.

२०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ निरोगी रक्तदात्यांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसाच्या १३ नमुन्यांपैकी ११ नमुन्यांत ते सापडलं. त्याआधी इटलीत सहा बाळंतिणींची वार तपासली होती, चौघींच्या वारेत कण होते. नमुने थोडे आहेत, पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी तेच दिसतं आहे.

कण सापडणं आणि त्यापासून आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजाराशी जोडणारा सगळ्यांत गंभीर पुरावा मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मानेतल्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेल्या रुग्णांचा तो थर शस्त्रक्रियेने काढून तपासला गेला. पाठपुरावा पूर्ण झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, मिळालं. पुढच्या जवळपास तीन वर्षांत, प्लास्टिक सापडलेल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका दुसऱ्या गटापेक्षा साधारण साडेचार पट दिसला. हा अभ्यास प्लास्टिकमुळेच ते झालं असं सिद्ध करत नाही. ज्यांच्या अंगात प्लास्टिक जास्त, त्यांच्या राहणीत आणखीही काही वेगळं असू शकतं. तरीही साडेचार पट हा आकडा बाजूला सारण्यासारखा नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. २०१६ मधल्या नमुन्यांपेक्षा २०२४ च्या नमुन्यांत प्लास्टिक जास्त दिसलं. ‘मेंदूत चमचाभर प्लास्टिक’ हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज इथूनच निघाला. या मोजणीवर इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतली आहे. मेंदूत चरबी भरपूर असते, आणि तपासणीत ती तापवली की मिळणारे संकेत पॉलिथिलीनसारखे दिसू शकतात. म्हणून तो चमचा शब्दशः धरू नका.

असाच दुसरा मेसेज म्हणजे ‘आपण आठवड्याला एक क्रेडिट कार्ड खातो’. आठवड्याला ५ ग्रॅमचा तो अंदाज २०१९ चा आहे. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्याने हिशोब मांडला, तेव्हा प्रौढ माणसासाठी तो आठवड्याला ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास आला, म्हणजे दहा लाख पटींहून कमी. भीतीचे आकडे पुढे पाठवण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

मग अपाय होतो तो कसा? प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. कणांच्या आसपास दाह होतो. पेशींवर रासायनिक ताण येतो. आणि प्लास्टिक मऊ किंवा टणक करायला वापरलेली रसायनं, बिस्फेनॉल-ए किंवा थॅलेट यांच्यासारखी, कणांबरोबर आत येतात आणि शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. माणसांच्या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट पुरावा कारखान्यांतून आला. १९९० च्या दशकात उत्तर अमेरिकेत, नायलॉनचे तंतू बारीक कापून मखमलीसारखं कापड बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाचा आजार जडला. ‘फ्लॉक वर्कर्स लंग’ या नावाने तो नोंदला गेला. तिथे हवेतलं प्रमाण घरापेक्षा कितीतरी जास्त होतं, पण प्लास्टिकचे तंतू फुप्फुसाला इजा करू शकतात हे त्यातून कळलं.

एवढा पुरावा हातात असताना शंभर टक्के खात्री होईपर्यंत वाट बघणं मला पटत नाही. घरातलं सगळं प्लास्टिक उचलून उकिरड्यावर टाकणंही तितकंच चुकीचं आहे. ते तिथे उन्हात पडून आणखी चुरा करेल. कण सुटतात ते चार कारणांनी: उष्णता, घासणं, ऊन आणि जुनेपणा. यांपैकी दोन-तीन कारणं जिथे एकत्र येतात, तिथे आधी हात घालायचा.

पायरी पहिली: गरम पदार्थ आणि प्लास्टिक यांची गाठ तोडा

बाकीचं काही जमलं नाही तरी हे करा.

आपल्याकडे सगळ्यांत मोठा गुन्हेगार चहाचं पार्सल आहे. मार्केट यार्डात, एसटी स्टँडवर, बँकेच्या दारात, कुठेही दहा मिनिटं उभं राहून बघा. पोऱ्या गॅसवरून उतरलेला उकळता चहा पातळ पिशवीत ओततो, तोंडाला रबर लावतो आणि पिशवी खिळ्याला अडकवतो. चहाच्या उष्णतेने पिशवी ताणून पारदर्शक होते, खालचं टोक लोंबतं. ऑफिसात पोचेपर्यंत चहा त्यातच असतो, आणि मग तो प्लास्टिकच्याच इवल्या कपांत ओतला जातो. राज्यात मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि केंद्राच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग देशभर बंद आहे. चहाच्या टपरीवर हे पोचलेलं नाही.

उपाय जुनाच आहे. ऑफिससाठी एक स्टीलची किटली किंवा थर्मास आणि मोजके काचेचे ग्लास ठेवा. ‘‘मामा, चार कटिंग, किटलीत द्या,’’ एवढंच म्हणायचं आहे. मामा नाही म्हणत नाहीत, त्यांची पिशवी वाचते.

कागदी कप सुरक्षित असतो हा मोठा गैरसमज आहे. कागद चहात विरघळू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. २०२० मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. दिवसाला तीन कप म्हणजे ७५ हजार. टपरीवर काचेच्या ग्लासात प्या. ग्लास नीट विसळलेला नाही असं वाटलं तर गरम पाण्याने विसळून मागा. स्वतःचा स्टीलचा ग्लास सोबत ठेवलात तर उत्तमच.

मिसळीचा कट, आमटी, सांबार, पावभाजीची भाजी यांचं पार्सलही याच नियमात बसतं. त्यांत तेल असतं, आणि प्लास्टिकमधली बरीच रसायनं पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात. आंबटपणा आणि तिखटाचा तवंग असलेला कढत कट पातळ पिशवीत, हा प्रकार पूर्ण थांबवावा असा आहे. गाडीच्या डिकीत कडीचा डबा पडलेला असू द्या.

आता स्वयंपाकघरात या. ओट्यावरचं चहाचं गाळणं हातात घ्या. त्याची जाळी नायलॉनची आणि कड प्लास्टिकची असेल, तर रोज दोन-तीन वेळा उकळता चहा त्यावर पडतो आणि मग ते घासणीने खरवडलं जातं. जाळीचे दोरे तांबूस झालेले, कडेला फाटलेले दिसतील. उष्णता, घासणं आणि जुनेपणा, तिन्ही एकाच वस्तूत. स्टीलचं गाळणं भांड्यांच्या दुकानात अगदी थोडक्या पैशात मिळतं. आजच्या आज बदलता येईल अशी ही एकच वस्तू सांगा म्हणालात, तर मी गाळणं सांगेन.

मग हे बघा:

- चपात्या-भाकऱ्यांचा हॉटपॉट आतून प्लास्टिकचा असेल, तर सुती फडक्यात गुंडाळून ठेवा किंवा आतून स्टील असलेला घ्या.
- मुलांच्या शाळेच्या डब्यात गरम पोळी-भाजी भरत असाल तर डबा स्टीलचाच हवा.
- मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक ठेवूच नका, डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तरी. त्याचा अर्थ डबा वितळत नाही एवढाच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अभ्यासात, काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून तीन मिनिटांत ४० लाखांहून जास्त सूक्ष्म कण सुटले.
- पळी, झारा, उलथनं प्लास्टिकचं किंवा नायलॉनचं असेल तर कढईपासून दूर ठेवा.
- नॉनस्टिकचा थर खरवडला गेला असेल तर तवा बदला. बिडाचा तवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

जत्रेचा महाप्रसाद, वास्तुशांत, पुण्यतिथीची जेवणावळ या ठिकाणी गरम भात-आमटी चंदेरी द्रोणात आणि प्लास्टिकचा थर असलेल्या पत्रावळीत वाढली जाते. एका घराने हे बदलत नाही, पण गावाने बदलतं. भाड्याने भांडी देणारे प्रत्येक मोठ्या गावात असतात, आणि तरुण मंडळाने वर्गणीतून दोनशे स्टीलची ताटं-वाट्या एकदाच घेतल्या तर त्या पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतात.

पायरी दुसरी: पिण्याचं पाणी

बाटलीबंद पाणी शुद्ध असतं असं आपण धरून चालतो. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या तीन ब्रँडचं बाटलीतलं पाणी तपासलं. एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण मिळाले, त्यांतले जवळपास ९० टक्के नॅनो आकाराचे. काही कण बाटलीचे, काही शुद्धीकरणाच्या पडद्यांचेच होते. झाकण फिरवताना घासूनही कण सुटतात. आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात टेम्पोत तासन्‌तास उभे राहिलेले २० लिटरचे जार आठवा. लग्नकार्यात इलाज नसतो, पण घरी आणि ऑफिसात रोजची सवय म्हणून जार आणि बाटली नको. गाडीत तापलेली बाटली तर नकोच. एकदाच वापरायची बाटली महिनोन्‌महिने भरून वापरणंही थांबवा.

नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर एक सोपी गोष्ट करता येते, आणि ती आपल्या भागाला फार लागू पडते. २०२४ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी दाखवलं की जड पाणी पाच मिनिटं उकळलं तर त्यातले प्लास्टिकचे कण मोठ्या प्रमाणात कमी होतात. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपण ज्याला क्षार म्हणतो तो, बाहेर पडतो आणि कणांना आपल्यात गुरफटून घेतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा असलेल्या पाण्यातून सुमारे ९० टक्के कण निघाले. हलक्या पाण्यातून मात्र २५ टक्क्यांच्या आसपासच.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरचं पाणी किती जड असतं हे तिथल्या प्रत्येक घराला पातेल्याच्या बुडावरून माहीत आहे. त्या पांढऱ्या थराला आपण शिव्या देतो, तोच इथे कामाला येतो. करायचं असं:

१. पाणी स्टीलच्या पातेल्यात घेऊन खळखळून उकळू लागल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवा.

२. झाकण ठेवून पूर्ण निवू द्या. मध्ये ढवळू नका, हलवू नका. क्षार तळाला बसायला हवा.

३. वरचं पाणी सावकाश, चौपदरी सुती फडक्यातून माठात ओता. फडकं जुन्या सुती धोतराचं किंवा पंचाचं चालेल, टेरिकॉटचं नको.

४. तळाचं दोन बोटं पाणी ओतू नका, ते टाकून द्या. पातेलं दर चार-आठ दिवसांनी लिंबाच्या सालीने किंवा चिंचेने घासून घ्या.

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पाणी हलकं, म्हणून तिथे या युक्तीचा फायदा कमी. जंतू मरतात तो फायदा मात्र सगळीकडे आहे, विशेषतः पावसाळ्यात.

आरओ यंत्राच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की बहुतेक कण अडतात. पण केवळ प्लास्टिकच्या भीतीने आरओ घेऊ नका. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरज नसते, आणि त्यातून भरपूर पाणी वाया जातं. अशा घरांत यूएफ, म्हणजे बारीक छिद्रांच्या गाळणीच्या पडद्याचं यंत्र पुरेसं आहे. नुसता यूव्ही दिवा जंतू मारतो, प्लास्टिक काढत नाही. यंत्र कोणतंही असो, गाळणीची मेणबत्ती (कँडल) आणि पडदा वेळेवर बदलला नाही तर उपयोग शून्य. आणि गाळलेलं पाणी परत प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरू नका. माठ, स्टीलची कळशी किंवा तांब्याचा हंडा वापरा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं झाकण उन्हाने तडकलेलं असेल तर ते बदला आणि टाकीवर सावली करा.

पायरी तिसरी: घरात तान्हं बाळ असेल तर

आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या २०२० च्या अभ्यासात, पॉलिप्रोपिलीनच्या दुधाच्या बाटल्यांतून एका लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटलेले आढळले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त.

आईच्या दुधातही कण सापडल्याच्या बातम्या वाचून काही जणी घाबरतात. अंगावरचं दूध बंद करण्याचं ते कारण अजिबात नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाला तोड नाही, आणि बाटलीत कणांची भर पडते ती वेगळीच.

वरचं दूध द्यावंच लागत असेल तर वाटी-चमचा सगळ्यांत बरा. बालरोगतज्ज्ञही जंतुसंसर्गाच्या कारणाने बाटलीपेक्षा तोच सुचवतात. बाटली लागणारच असेल तर काचेची घ्या. प्लास्टिकचीच असेल तर हे करा: पाणी स्टीलच्या भांड्यात उकळा. डब्यातल्या दुधाची पावडर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच, ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात कालवा, म्हणजे पावडरीतले जंतू मरतात. कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. बाटली उकळून निर्जंतुक केल्यावर, स्टीलच्या भांड्यात उकळून निववलेल्या पाण्याने तीन वेळा विसळा. बाटलीत दूध परत गरम करू नका आणि बाटली जोरजोरात हलवू नका. बाळ प्लास्टिकची खेळणी चावत असेल तर तडे गेलेली, रंग उडणारी काढून टाका. लाकडी खुळखुळा आणि सुती बाहुली द्या.

पायरी चौथी: ओटा, मीठ आणि उन्हाळ्याचं वाळवण

प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डवर सुरीच्या चिरा दिसत असतील तर तेवढं प्लास्टिक भाजीतून पोटात गेलेलं आहे. विळी किंवा लाकडी पाट वापरा. प्लास्टिकची भांडी तारेच्या घासणीने घासू नका. मिक्सरचं भांडं स्टीलचं असू द्या. दुधाची पिशवी थंड असते, तिची काळजी नको. फक्त कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट कापून पिशवीला चिकटलेलाच राहू द्या, म्हणजे तो तुकडा पातेल्यातही पडत नाही आणि कचऱ्यातही हरवत नाही.

मीठ आणि साखर यांत कण असतात. ‘टॉक्सिक्स लिंक’ या दिल्लीतल्या संस्थेने २०२४ मध्ये देशातल्या मिठाचे १० आणि साखरेचे ५ प्रकार तपासले, सगळ्यांत प्लास्टिक मिळालं; मिठात किलोला साधारण ७ ते ८९ तुकडे. पण आपण दिवसाला काही ग्रॅम मीठ खातो, त्यामानाने चहाचा एक कागदी कप फार भारी पडतो. मिठाचा ब्रँड बदलत बसू नका, मीठ कमी करा. ते रक्तदाबासाठी करायचंच आहे.

वाळवणाकडे मात्र लक्ष द्या. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या गच्च्यांवर कुरडया, पापड्या, सांडगे, शेवया पसरलेल्या असतात, आणि आता त्या सगळ्या प्लास्टिकच्या कागदावर. कुरडईचा गरम चीक सोऱ्यातून थेट त्यावर पडतो, वरून दिवसभर ४० अंशांचं ऊन, आणि तोच कागद घडी घालून पुढच्या वर्षी परत निघतो. जुना कागद हाताला कुरकुरीत लागतो, घडीच्या जागी फाटतो. सोलून काढलेल्या पापडीच्या मागच्या बाजूला कधी कधी त्याचे चकचकीत तुकडे चिकटलेले दिसतात. कुरडया-सांडगे धुतलेल्या सुती साडीवर किंवा धोतरावर घाला. कापड आधी ओलं करून पिळून घेतलं की चिकटत नाहीत. साबुदाण्याच्या पातळ पापड्या कापडावरून निघत नाहीत, त्या तेलाचं बोट लावलेल्या स्टीलच्या ताटांत किंवा परातीत घाला, ताटं शेजारणींकडून मागून आणा. प्लास्टिकच वापरायचं झालं तर नवं, जाड, आणि त्या हंगामापुरतंच. थालीपीठ थापायलाही ओलं फडकं किंवा केळीचं पान घ्या.

बेदाणा खाण्याआधी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून ते पाणी टाकून द्या. तासगाव, कवठेमहांकाळच्या शेडमध्ये द्राक्षं जाळीवरच सुकतात, धूळही बसते. शेडवाल्यांनी जाळीचे धागे सुटायला लागले की ती बदलावी, आणि हंगाम संपल्यावर उन्हात टांगून न ठेवता उतरवून आत ठेवावी.

पायरी पाचवी: घरातली हवा

रात्री दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि पांघरूण झटका. उजेडाच्या झोतात तरंगणारे बारीक तंतू दिसतील. पॉलिस्टरची चादर, मिंकचं ब्लँकेट, फ्लीसचं जॅकेट असेल तर त्यातले बरेच तंतू प्लास्टिकचे असतात.

केर काढण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, किंवा केर काढून लगेच फरशी पुसून घ्या. कोरड्या झाडूने धूळ नुसती उडते आणि रांगणारं मूल तीच श्वासात घेतं. रोज अंगाला लागणाऱ्या गोष्टी सुती घ्या: चादर, उशीचे अभ्रे, आतले कपडे, लहान मुलांची झबली. ब्लँकेट धुवायचं झालं तर थंड पाण्यात, मशीन भरून, कमी वेळ. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ॲक्रिलिक कपड्यांच्या ६ किलोच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त तंतू सुटल्याचा अंदाज आला, आणि हे पाणी शेवटी कृष्णेतच जातं. खिडक्या सकाळी उघडा. हायवेलगत घर असेल तर रस्त्याकडच्या बंद ठेवा, कारण झिजणाऱ्या टायरचा भुगा हाही मायक्रोप्लास्टिकचा मोठा स्रोत आहे.

पायरी सहावी: बंब पेटवताना

सकाळी सहाला कोणत्याही गावातून चालत जा, तो तिखट वास नाकात बसतो. चिपाडं ओली असतात, लाकूड धरत नाही, मग दुधाची पिशवी किंवा गुटख्याच्या पुड्यांचा मूठभर कचरा काडी लावून बंबाच्या तोंडात सारला जातो. एका मिनिटात जाळ धरतो. पण अर्धवट जळलेल्या प्लास्टिकच्या धुरात काजळीबरोबर प्लास्टिकचे कण असतात, आणि त्यात पीव्हीसी असेल तर डायॉक्सिन तयार होतं, जे कर्करोगाला कारण ठरणारं सिद्ध झालेलं आहे. मायक्रोप्लास्टिकबद्दल काही गोष्टी अजून शंकेच्या असतील; या धुराबद्दल शंका नाही. हा धूर सगळ्यांत जास्त घेते ती बंबाजवळ बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचं मूल.

सुनेने सांगायचं झालं तर असं सांगता येईल: ‘‘आत्या, पिशवी नको, नारळाची शेंडी वाळवून ठेवलीय, तिनं लगेच धरतंय.’’ शेंडी, वाळलेली कणसाची बुरखुंडं, गोवरीचा तुकडा, कापराची वडी, सगळं चालतं. जळण पावसाळ्याआधी आत घ्या, म्हणजे पिशवीची गरजच पडत नाही. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली आहे आणि ५ हजार रुपये दंड ठरवला आहे. ग्रामपंचायतीला हे सांगून घंटागाडीत सुका कचरा वेगळा घ्यायला लावा.

कशावर पैसे घालवू नयेत

रक्तातलं मायक्रोप्लास्टिक मोजून देणाऱ्या तपासण्यांच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. आकडा आला तरी त्यावरून कोणताही डॉक्टर उपचार ठरवू शकत नाही. शरीरातलं प्लास्टिक ‘डिटॉक्स’ करणारा काढा, चूर्ण किंवा गोळी सिद्ध झालेली नाही. छातीत दुखणं, धाप, सतत खोकला यांना प्लास्टिकचं नाव देऊन घरी बसू नका, नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. बीपी, साखर, तंबाखू यांचा हृदयावरचा परिणाम पक्का ठाऊक आहे, त्यांची काळजी आधी.

पायरी सातवी: शेत

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, सांगलीकडची ढोबळी मिरची, टोमॅटो, कलिंगड, सगळीकडे मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, आला. पाणी वाचतं, तण कमी होतं, फळ मातीला टेकत नाही. त्याचे फायदे खरे आहेत, आणि शेतकऱ्याला तो टाकून दे म्हणणं सोपं नाही. अडचण पीक निघाल्यावर सुरू होते. २५-३० मायक्रॉनचा कागद एका हंगामात उन्हाने ठिसूळ होतो. तो गोळा न करता मशागतीचा रोटर फिरवला की त्याच्या चिंध्या मातीत मिसळतात आणि मग कोणालाच वेचता येत नाहीत. २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी गहू आणि लेट्यूस यांवर दाखवलं की अतिसूक्ष्म कण मुळांना नवे फाटे फुटतात तिथल्या भेगांतून आत शिरतात आणि वर पानांपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे शेतातली चिंधी फिरून ताटात येऊ शकते.

जमेल तिथे उसाचं पाचट किंवा भाताचं काड पसरा. पाचट जाळण्यापेक्षा तेच आच्छादन उत्तम. पेपर घालायचाच असेल तर जाड घ्या, कारण तो अखंड निघतो. शेवटची तोडणी झाली की लगेच, कागद कुरकुरीत व्हायच्या आत, सकाळच्या गारव्यात काढा. दुपारी तापलेला कागद ताणला की फाटतो. दोघांनी दोन टोकांनी माती झटकत गुंडाळी करायची. जुन्या ठिबकच्या नळ्याही तशाच गुंडाळून भंगारात द्या, बांधावर पेटवू नका. रोटर त्यानंतर.